बालवयातील बेसबॉल : प्रशिक्षण आणि आनंद

मुलांना मैदानावर खेचून आणावे लागत नाही. ती आपण होऊन येतात. त्यांना तेथे टिकवून ठेवणे मात्र मोठ्यांच्या हाती असते. ज्या खेळात संघ, गणवेश, गुणफलक आणि प्रेक्षक आले, तेथे मुलांचा खेळ नकळत मोठ्यांचा होऊ लागतो. अमेरिकेत बेसबॉल हा राष्ट्रीय खेळ समजला जातो आणि लहान मुलांसाठी त्याची संघटित रचना होऊन आठ दशकांहून अधिक काळ लोटला आहे. या प्रदीर्घ अनुभवातून मुलांच्या प्रशिक्षणाविषयी जी तत्त्वे हाती आली, ती कोणत्याही खेळाच्या शिक्षकाला उपयुक्त ठरावीत अशी आहेत.

मुलाच्या मापाचे मैदान

पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट या गावी कार्ल स्टॉट्झ या गृहस्थांनी १९३८ च्या उन्हाळ्यात आपले भाचे व शेजारची मुले यांना घेऊन काही प्रयोग केले. मोठ्यांच्या मैदानावर लहान मुलांची दमछाक होते, हे त्यांच्या ध्यानी आले होते. १९३९ साली तीन संघांनिशी त्यांनी ‘लिटल लीग’ सुरू केली. त्यांच्या कार्याचे मर्म एकाच गोष्टीत आहे. त्यांनी मुलाला खेळाच्या मापाचे करण्याऐवजी खेळ मुलाच्या मापाचा केला.

मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचे अंतर ९० फूट असते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते ६० फूट ठेवण्यात आले. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, मोठ्यांच्या सामन्यात ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकतो. मुलांसाठी हे अंतर ४६ फूट आहे. नऊ डावांऐवजी मुले सहा डाव खेळतात. त्याहून लहान मुलांकरिता ‘टी-बॉल’ हा प्रकार आहे. त्यात चेंडू कोणी फेकत नाही. तो कमरेइतक्या उंचीच्या रबरी खुंटावर ठेवलेला असतो आणि मूल तो बॅटने टोलवते. वेगाने येणाऱ्या चेंडूची भीती त्यामुळे उरत नाही व टोला मारून धावण्याचा आनंद पहिल्याच दिवशी मिळतो.

हे मैदान प्रारंभी मुलींना मात्र खुले नव्हते. १९७२ साली न्यू जर्सीतील होबोकेन येथे मारिया पेपे ही मुलगी तीन सामने खेळली आणि नंतर तिला थांबविण्यात आले. प्रकरण न्यायासनापुढे गेले व १९७४ साली लिटल लीगने मुलींना प्रवेश दिला. २०१४ साली मोने डेव्हिस या तेरा वर्षांच्या मुलीने या संस्थेच्या जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्धी संघाला एकही धाव न देता सामना जिंकून दिला, तेव्हा त्या निर्णयाची यथार्थता साऱ्या जगाने पाहिली.

कोवळ्या हाताची जपणूक

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेला कूर्चेचा भाग अद्याप पक्का झालेला नसतो. पूर्ण जोराने चेंडू फेकताना कोपराच्या आतील बाजूवर मोठा ताण येतो आणि तोच ताण पुनःपुन्हा आल्यास या भागाला इजा होते. संघातील सर्वांत चांगला पिचर हाच बहुधा सर्वांत अधिक वापरला जात असल्याने हा धोका गुणी मुलांनाच अधिक संभवतो. नऊ ते चौदा वर्षांच्या ४८१ पिचर्सची दहा वर्षे पाहणी करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, वर्षात शंभराहून अधिक डाव चेंडू फेकणाऱ्यांना गंभीर दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे साडेतीन पट होती.

यास्तव २००७ सालापासून लिटल लीगने डावांऐवजी फेकलेल्या चेंडूंची मोजदाद करण्यास आरंभ केला. एका दिवसात सात-आठ वर्षांच्या मुलाला ५०, नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ७५ आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ८५ चेंडू, अशी मर्यादा घालण्यात आली. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा अधिक चेंडू फेकल्यास त्याला चार दिवसांची सक्तीची विश्रांती असते. वर्षातील काही महिने चेंडूफेक पूर्णपणे बंद ठेवून मुलांनी अन्य खेळ खेळावेत, असाही तज्ज्ञांचा आग्रह आहे. दुखणारा हात लपविण्याची पाळी मुलावर येऊ न देणे हे प्रशिक्षकाचे पहिले कर्तव्य होय.

प्रशिक्षकाची वाणी

बेसबॉल हा अपयशाशी मैत्री करावयास लावणारा खेळ आहे. १९४१ साली टेड विल्यम्सने .४०६ ही फलंदाजीची सरासरी गाठली. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या संपूर्ण हंगामात कोणाही फलंदाजाला .४०० ची पातळी ओलांडता आलेली नाही. या सरासरीचा अर्थ असा की, त्या विक्रमवीरालाही दर दहांपैकी जवळजवळ सहा प्रयत्नांत यश आले नाही. मग दहा वर्षांच्या मुलाचा टोला हुकला म्हणून त्याला सर्वांदेखत रागावण्यात काय हशील?

वॉशिंग्टन विद्यापीठातील रोनाल्ड स्मिथ व फ्रँक स्मोल या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात लिटल लीगच्या प्रशिक्षकांचे वर्तन मैदानावर बसून टिपले. त्यावरून त्यांनी प्रशिक्षकांसाठी एक छोटा वर्ग तयार केला. त्याची शिकवण साधी आहे : चांगल्या कृतीची लगेच दखल घ्यावी, केवळ फळाचे नव्हे, तर प्रयत्नाचेही कौतुक करावे, चूक झाल्यास प्रथम धीर द्यावा, मग सुधारणा सांगावी, उपहास व शिक्षा टाळावी. अशा प्रशिक्षकांच्या संघांचे जय-पराजयाचे प्रमाण फारसे बदलले नाही. परंतु मुलांना ते अधिक आवडले आणि मुळात आत्मविश्वास कमी असलेल्या मुलांचा आत्मविश्वास वाढला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, प्रशिक्षित मार्गदर्शकांच्या हाताखालील केवळ ५ टक्के मुलांनी पुढील हंगामात खेळ सोडला; इतरांच्या बाबतीत हे प्रमाण २६ टक्के होते. चार मुलांमागे एक मूल मैदान सोडून जाते, याचे उत्तर मोठ्या प्रमाणात प्रशिक्षकाच्या जिभेवर आहे, असाच याचा अर्थ.

रांगेत उभे राहणे म्हणजे सराव नव्हे

बारा मुलांचा संघ आणि एक तासाचा सराव आहे असे समजू. एकेका मुलाला फलंदाजी दिली, तर प्रत्येकाच्या वाट्यास पाच मिनिटे येतात व उरलेली पंचावन्न मिनिटे ते ताटकळते. याच मुलांचे चार-चारांचे तीन गट करावेत. एका गटाने खुंटावरील चेंडू आळीपाळीने टोलवावा, दुसऱ्याने जोडीने झेलफेक करावी, तिसऱ्याने बेसवरून धावण्याची शर्यत लावावी आणि दर वीस मिनिटांनी जागा बदलाव्यात. फलंदाजी तेवढीच मिळते. पण ताटकळणे जवळजवळ संपते. शेवटची दहा मिनिटे वाढवून छोटा सामना घेतल्यास मुले दुसऱ्या दिवशी वेळेआधी हजर होतात. प्रत्येकाला सर्व जागी खेळण्याची संधी द्यावी. दहाव्या वर्षीचा बुटका मुलगा पंधराव्या वर्षी कोण असेल, हे कोणालाच सांगता येत नाही.

आनंद म्हणजे शिस्तीचा अभाव, असा समज मात्र चुकीचा ठरेल. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना खेळातील गंमत कशात आहे, असे विचारले. ८१ कारणांची यादी तयार झाली. कसून प्रयत्न करणे, संघातील सलोखा आणि प्रशिक्षकाची आपुलकी यांना मुलांनी अग्रस्थान दिले. सामना जिंकणे यादीच्या मध्याच्याही खाली राहिले. मुलांना मेहनत हवी असते. अपमान नको असतो.

आपल्या राज्यातही शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळले जातात. विटी-दांडू व लगोरी खेळून वाढलेल्या मुलांना नेम धरणे, टोलवणे आणि झेलणे परके नाही. क्रीडाशिक्षकांनी व पालकांनी सामन्यानंतर ‘किती धावा काढल्यास?’ याआधी ‘मजा आली का?’ असे विचारावे. ज्या मुलाचे उत्तर होकारार्थी येईल, ते उद्या पुन्हा मैदानावर दिसेल. आणि जे मूल मैदानावर येत राहते, त्यालाच खेळ शिकविता येतो.