एचआयव्ही संसर्ग व निवास

एचआयव्ही या विषाणूचा संसर्ग झालेल्या व्यक्तीचे आरोग्य आणि तिच्या निवासाची स्थिती यांतील परस्परसंबंध. एका घरात राहणे, एकत्र जेवणे किंवा सामाईक शौचालय वापरणे यांमुळे हा विषाणू पसरत नाही. त्यामुळे बाधित व्यक्तीला घराबाहेर काढण्यास वैद्यकीय आधार नाही. उलट निवास गमावल्याने तिचा आजार बळावण्याचा धोका असतो.

हा विषाणू रक्तातील सीडी ४ या संरक्षक कोशिकांचा नाश करतो. औषधांनी त्याचे समूळ उच्चाटन होत नाही; मात्र त्याची वाढ रोखली जाते व त्यासाठी औषधे नियमितपणे आजन्म घ्यावी लागतात. मात्रा वारंवार चुकल्यास विषाणूंची संख्या वाढते आणि औषधांना दाद न देणारे प्रकार उद्‌भवू शकतात. निश्चित ठावठिकाणा नसलेल्या व्यक्तीस औषधे सुरक्षित ठेवणे, ती इतरांच्या नकळत घेणे आणि रुग्णालयाच्या ठराविक तारखा पाळणे अवघड जाते. दाटीच्या व हवा न खेळणाऱ्या खोल्यांत क्षयरोग सहज पसरतो. जगभरातील एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूंचे तेच प्रमुख कारण आहे [⟶ क्षयरोग].

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९० च्या कायद्याने अल्प उत्पन्न असलेल्या बाधितांच्या निवासासाठी स्वतंत्र निधीची तरतूद झाली. शिकागो येथे रुग्णालयात दाखल झालेल्या १०५ बेघर बाधितांची यदृच्छ पद्धतीने दोन गटांत विभागणी करून एका गटास कायम निवास व कार्यकर्त्याचे साहाय्य देण्यात आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका वर्षानंतर या गटातील ५५ टक्के, तर नेहमीच्या सेवा मिळालेल्या गटातील ३४ टक्के व्यक्ती हयात असून त्यांची प्रतिरक्षा शाबूत होती. बॉल्टिमोर, शिकागो व लॉस अँजेल्स येथील ६३० व्यक्तींच्या अभ्यासात (२०१०) दोन गटांतील फरक अल्प आढळला. कारण तुलनेच्या गटातील अनेकांनीही दरम्यान घर मिळविले होते. तथापि ज्यांना त्या काळात बेघर राहावे लागले, त्यांच्या रक्तात विषाणू आढळण्याची व त्यांना तातडीच्या उपचारांची गरज भासण्याची शक्यता अधिक होती.

भारतात २००४ पासून शासकीय केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात. १० सप्टेंबर २०१८ रोजी अंमलात आलेल्या २०१७ च्या अधिनियमानुसार एचआयव्हीबाधित असल्याच्या कारणावरून घर भाड्याने देण्यास, विकण्यास वा तेथे राहू देण्यास नकार देणे निषिद्ध आहे. बाधित मुलांना कुटुंबाच्या सामाईक घरात राहण्याचा हक्कही त्याने दिला आहे. अशा रीतीने असलेल्या निवासास संरक्षण मिळाले, तरी बेघर बाधितांना निवास पुरविण्याची हमी या अधिनियमात नाही.