सरहद्द पुसली, कायदा उरला

न्यायालयीन कामासाठी गावोगाव फिरणारा वकील आणि दर्शनासाठी निघालेला यात्रेकरू एकाच रस्त्याने जात असले, तरी दोघांना दिसणारा मुलूख एक नसतो. यात्रेकरूला मंदिर, गढी आणि तळे दिसते. वकिलाला त्याच भूमीवर पूर्वी कोणाची सनद चालत होती आणि आजचा दावा कोणत्या अधिनियमाखाली उभा राहील, याचा शोध घ्यावा लागतो. बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जालन्याकडे जाणारा रस्ता या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. सिंदखेडराजाहून जालना अवघे तीस-पस्तीस किलोमीटर. दोन्हीकडची बोली एकमेकींत मिसळलेली, पिके सारखी, सोयरिकी परस्परांत. तथापि एवढ्या अल्प अंतरात शेतजमिनीच्या कुळाचा कायदा बदलतो, आणि या बदलाचे कारण इतिहासात आहे.

सिंदखेड हे लखुजी जाधवांचे ठाणे आणि १५९८ मध्ये जन्मलेल्या जिजाबाईंचे माहेर. याच परिसरातील साखरखेर्डा येथे १७२४ मध्ये निजाम-उल्-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला व त्या विजयाची खूण म्हणून गावाला फत्तेखेर्डा असे नाव दिले. हैदराबादच्या स्वतंत्र सत्तेचा पाया या रणांगणावर घातला गेला. पुढे १८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरील हक्क सोडला आणि तो प्रदेश निजामाकडे गेला. निजामाच्या नावे चालणाऱ्या, परंतु इंग्रजांच्या हुकमतीखालील फौजेचा खर्च थकला, तेव्हा १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात तो कायमचा पट्ट्याने घेतला, आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला.

यातून एक चमत्कारिक कायदेशीर अवस्था निर्माण झाली. राज्य इंग्रजांचे, सार्वभौमत्व मात्र कागदोपत्री निजामाचे. वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता; म्हणून तेथील कायदे वऱ्हाडात आपोआप चालत नसत, ते स्वतंत्र हुकमाने लागू करावे लागत. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडच्या मतदारांनी निवडलेले प्रतिनिधी प्रांतिक कायदेमंडळात नियमानुसार ‘नियुक्त’ सभासद म्हणून बसत, कारण परक्या राजाच्या मुलखातून ‘निवडून’ येणे कायद्याला मान्य नव्हते. ही विसंगती बऱ्याच अंशी दूर करण्यासाठी १९४१ मध्ये वऱ्हाडासाठी खास अधिनियम करावा लागला. रस्त्याच्या पलीकडे जालन्यास न्यायालयाची भाषा उर्दू, नाणे हाली शिक्क्याचे आणि मालावर करोडगिरीचा आकार. एकाच भाषेचा शेतकरी सरहद्द ओलांडताच जणू परदेशी होत असे.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा व विदर्भ एकाच दिवशी द्विभाषिक मुंबई राज्यात आले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. नकाशावरील रेघ पुसली गेली. कायद्यातील रेघ मात्र राहिली. जालन्याकडील कुळाला १९५० चा हैदराबादचा कुळवहिवाट कायदा, बुलढाण्याकडील कुळाला विदर्भासाठीचा १९५८ चा कायदा, आणि पश्चिम महाराष्ट्रातील कुळाला १९४८ चा. पश्चिम महाराष्ट्रात कुळाकडे मालकी जाण्याचा दिवस १ एप्रिल १९५७, तर विदर्भात १ एप्रिल १९६१. १९६६ च्या महसूल संहितेने जमीन महसुलाची व्यवस्था राज्यभर एक केली. कुळांचे हे तीन कायदे मात्र आजही वेगळेच आहेत. त्यातच १९५६ पर्यंत वऱ्हाड मध्य प्रदेशात असल्यामुळे येथील जहागिरी व इजाऱ्याची गावे त्या राज्याच्या १९५० च्या कायद्याने रद्द झाली. बुलढाण्यातील एका सर्वे नंबरचा माग काढणाऱ्यास इतक्या राजवटींच्या दफ्तरांतून जावे लागते.

कायदा भूमीला चिकटतो तसा तो माणसाबरोबर चालतोही. स्थलांतर करणारे हिंदू कुटुंब आपला वारसा-कायदा सोबत घेऊन जाते, असे गृहीत धरण्याचे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने मान्य केले होते. कोकणातून वऱ्हाडात आलेल्या घराण्याची वाटणी कोणत्या परंपरेने व्हावी, असा प्रश्न त्यामुळे उद्भवू शके. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने त्यानंतरच्या वारशापुरता हा भेद जवळजवळ संपविला. घर आणि धर्म यांच्याशी निगडित असलेला, म्हणून सर्वांत नाजूक मानलेला कायदा एक होऊ शकला. शेताचा कायदा मात्र एका राज्यात त्रिविध राहावा, हे आश्चर्यच होय.

हा केवळ अभ्यासकांचा विषय नाही. रस्ता, धरण वा कालव्यासाठी जमीन संपादन होऊ लागली, की मोबदला कोणाचा हा प्रश्न प्रथम कागदांना विचारला जातो. वऱ्हाडातील जुना कागद मोडीत, पलीकडचा उर्दूत. आणि दोन्ही लिप्या वाचणारे हात दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. ज्याला आजोबाचा कागद वाचता येत नाही, त्याला दुसऱ्याने सांगितलेला अर्थ निमूटपणे मान्य करावा लागतो. शिवाय देऊळगावराजाच्या पक्षकाराला छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ शंभर किलोमीटरच्या आत असूनही अपिलासाठी तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेले नागपूरच गाठावे लागते. एके काळची सरहद्द त्याच्या प्रवासखर्चात अशी जिवंत आहे.

तीन कायदे एका फटकाऱ्यात रद्द करावेत, असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या आधाराने लाखो कुळांना मालकी मिळाली आहे, आणि एकदा मिळालेला हक्क एकसूत्रतेच्या नावाखाली हिरावून घेणे हा अन्यायच ठरेल. परंतु मिळालेले हक्क अबाधित राखून पुढील व्यवहारांसाठी एकच कायदा करणे अशक्य नाही. तोवर निदान सरहद्दीच्या तालुक्यांत मोडी व उर्दू जाणणारे प्रमाणित वाचक नेमावेत आणि जुन्या दफ्तरांची मराठी लिप्यंतरे व भाषांतरे पक्षकारास अल्प मूल्यात मिळावीत. राजवटी गेल्या, त्यांची भांडणेही मिटली. त्या भांडणांचा भुर्दंड शेतकऱ्याने किती पिढ्या सोसावा, याचे उत्तर आता विधिमंडळाने द्यावयाचे आहे.