पोस्टाच्या पेटीतले ओहम

पोस्ट ऑफिस बॉक्स या जुन्या उपकरणाचा पत्रांशी संबंध नाही. ब्रिटनमध्ये १८७० साली तारखातं पोस्टाकडे आलं. तार कुठे तुटली, कुठे जमिनीला टेकली हे शोधायला तिथल्या अभियंत्यांना सुटसुटीत साधन हवं होतं. तारेचा रोध लांबीच्या प्रमाणात वाढतो; म्हणजे ओहम मोजले की बिघाड किती मैलांवर आहे ते समजतं. अख्खी लाइन पायी तुडवण्यापेक्षा हे बरं!

आत आहे तो व्हीटस्टनचा सेतू, म्हणजे अनोळखी रोध माहीत असलेल्या रोधांशी तोलून पाहणारी जोडणी. (मूळ कल्पना सॅम्युएल ख्रिस्टीची, १८३३ मधली, नाव मात्र व्हीटस्टनचं झालं.) एबोनाइटच्या झाकणावर पितळी ठोकळ्यांची रांग असते आणि दोन ठोकळ्यांमधल्या फटीत निमुळती पितळी खुंटी. खुंटी बसलेली असताना वीज तिच्यातून थेट जाते. उपसली की खालच्या, ठरावीक रोधाच्या वेटोळ्यातून जावं लागतं. खुंटी किंचित पिळून घट्ट बसवायची. सैल राहिली तर तिचाच रोध मोजणीत मिसळतो, आणि विद्यार्थी तासभर गॅल्व्हॅनोमीटरला, म्हणजे प्रवाह दाखवणाऱ्या काट्याच्या यंत्राला, दोष देत बसतो.

समजा, खुंट्या उपसून पेटीतला रोध ५ ओहम केल्यावर गॅल्व्हॅनोमीटरचा काटा डावीकडे आणि ६ केल्यावर उजवीकडे गेला, तर उत्तर मधे कुठेतरी आहे. मग सेतूच्या दोन भुजांमधल्या रोधांचं गुणोत्तर १०:१० वरून १०००:१० करायचं. आता काटा ५४७ ला शून्यावर थांबला, तर रोध ५.४७ ओहम. बॅटरीची कळ आधी दाबायची, गॅल्व्हॅनोमीटरची नंतर. नाहीतर मोजायच्या वस्तूत वेटोळं असल्यास प्रवाह स्थिरावण्याआधीच काटा उगाच उसळतो.