कुत्र्यांमधील कुशिंग विकाराचे निदान

कुशिंग विकार हा कुत्र्यांच्या अधिवृक्क ग्रंथींमधून कॉर्टिसॉल हे संप्रेरक दीर्घकाळ जास्त प्रमाणात स्रवल्यामुळे होणारा विकार आहे. अमेरिकन मेंदूशल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये माणसांमधील या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्यांच्यावरून हे नाव पडले. तो प्रामुख्याने मध्यमवयीन व वृद्ध कुत्र्यांत आढळतो. कोणतीही एक चाचणी निदानासाठी पूर्णपणे विश्वसनीय नसल्याने लक्षणे व चाचण्या यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

कारणे

सुमारे ८० ते ८५ टक्के कुत्र्यांमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत गाठ असते. तिच्यातून एसीटीएच हे संप्रेरक अधिक स्रवते आणि दोन्ही अधिवृक्क ग्रंथी उद्दीपित होतात. उर्वरित बहुतेक कुत्र्यांमध्ये अधिवृक्क ग्रंथीतच गाठ असते. दीर्घकाळ स्टेरॉइड औषधे दिल्यानेही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून चाचणीपूर्वी मलमे व कानात घालायचे थेंब यांसह सर्व औषधांची माहिती घेतली जाते.

चाचणी केव्हा करतात

अतिरिक्त तहान व लघवी, वाढलेली भूक, लोंबते पोट, धाप लागणे, केस गळणे व त्वचा पातळ होणे ही प्रमुख लक्षणे आहेत. रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर वाढलेले आढळते. मात्र ते इतर कारणांनीही वाढते. अन्य आजार व ताण यांमुळेही कॉर्टिसॉल वाढत असल्याने लक्षणे नसलेल्या किंवा दुसऱ्या गंभीर आजाराने ग्रस्त कुत्र्याची चाचणी सहसा टाळतात.

प्रमुख चाचण्या

मूत्रातील कॉर्टिसॉल व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर: यासाठी घरी गोळा केलेली सकाळची लघवी वापरतात. गुणोत्तर सामान्य असल्यास विकाराची शक्यता फार कमी असते. वाढलेले असल्यास पुढील चाचणी आवश्यक ठरते.

अल्पमात्रा डेक्सामेथासोन चाचणी: प्रथम रक्ताचा नमुना घेऊन दर किलोग्रॅम वजनामागे ०.०१ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन शिरेतून देतात. त्यानंतर ४ व ८ तासांनी पुन्हा नमुने घेतात. निरोगी कुत्र्यात कॉर्टिसॉल घटून ८ तासांनंतरही कमीच राहते. कुशिंग विकारात सहसा तसे होत नाही.

एसीटीएच उद्दीपन चाचणी: कृत्रिम एसीटीएच देण्यापूर्वी व दिल्यानंतर १ तासाने कॉर्टिसॉल मोजतात. ही चाचणी लवकर पूर्ण होते, परंतु तिच्यात काही रुग्ण सुटतात. स्टेरॉइडजन्य विकार ओळखण्यासाठी मात्र तीच उपयुक्त ठरते.

प्रकार ठरवणे

विकार निश्चित झाल्यावर रक्तातील एसीटीएचची पातळी व पोटाची सोनोग्राफी यांवरून प्रकार ठरवतात. पीयूषिकाजन्य प्रकारात सहसा दोन्ही अधिवृक्क ग्रंथी मोठ्या दिसतात. अधिवृक्क ग्रंथीतील गाठ बहुधा एकाच बाजूला असते. अशा वेळी दुसरी ग्रंथी आक्रसलेली असू शकते आणि एसीटीएचची पातळी कमी आढळते. अशी गाठ शस्त्रक्रियेने काढता येण्याची शक्यता असल्याने हा भेद महत्त्वाचा ठरतो.

अचूक निदानाचे महत्त्व

उपचारासाठी वापरले जाणारे ट्रिलोस्टेन हे औषध कॉर्टिसॉलची निर्मिती घटवते. चुकीच्या निदानावरून किंवा प्रमाणाबाहेर दिल्यास कॉर्टिसॉलची कमतरता होऊन उलट्या, अशक्तपणा आणि प्रसंगी जीवघेणी अवस्था उद्भवू शकते. म्हणून उपचार सुरू असतानाही लक्षणांची नोंद ठेवून कॉर्टिसॉलची वेळोवेळी तपासणी केली जाते.