पूरक व्यायाम आणि किशोर फुटबॉलपटूंचे रक्तस्वास्थ्य

१५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळावा, असा उपक्रम शासनाने योजिला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली व तिचे काही सामने नवी मुंबईतही रंगले. खेळ खेड्यापर्यंत पोहोचावा, ही इच्छा स्तुत्यच. परंतु महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या गावातील एखादा मुलगा शालेय संघात निवडला जातो, क्रीडाशिक्षक नेहमीच्या सरावाला पहाटेची धाव जोडतात आणि महिन्याभरात आई त्याला घेऊन वैद्यांकडे येते. तक्रार एकच : ‘पोरगं लवकर दमतं, रक्त कमी झालं असेल, काहीतरी ताकदीचं द्या.’ अशा वेळी काय द्यावे आणि काय देऊ नये, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

पूरक व्यायामाचा लाभ निर्विवाद आहे. २००१ मध्ये नॉर्वेतील हेल्गेरूड व सहकाऱ्यांनी सुमारे अठरा वर्षांच्या फुटबॉलपटूंवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या सरावाशिवाय आठवड्यातून दोनदा, चार मिनिटे वेगाने धावणे व मध्ये तीन मिनिटे मंद गतीने पळणे, अशी चार आवर्तने आठ आठवडे करविली. त्यांची कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता दर मिनिटास, दर किलो वजनास ५८.१ वरून ६४.३ मिलिलिटर झाली, आणि सामन्यात कापलेले अंतर सुमारे २० टक्क्यांनी वाढले. हे खेळाडू निवडक व सुपोषित होते, हे मात्र विसरता येत नाही.

अशा व्यायामात रक्तात दोन घटना वेगवेगळ्या गतीने घडतात. पहिल्या काही दिवसांतच रक्तातील द्रवभाग वाढतो. रक्तपेशींची एकूण संख्या वाढण्यास मात्र कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे मधल्या काळात हिमोग्लोबिनचा आकडा थोडा उतरलेला दिसतो. पेशी घटलेल्या नसतात, रक्त केवळ पातळ झालेले असते. हा व्याधी नव्हे, तर शरीराचे अनुकूलन होय. येथे लोहकल्प देण्याची घाई अनुचित ठरते.

दुसरी घटना खरोखरीच्या क्षयाची आहे. घामावाटे थोडे लोह जाते. कठीण जमिनीवर पाय आदळून काही रक्तपेशी फुटतात. शिवाय तीव्र व्यायामानंतर तीन ते सहा तास यकृतातील हेप्सिडिन हे द्रव्य वाढते व आतड्यातून लोहाचे शोषण मंदावते. त्यात वाढीचे वय आणि मुलींच्या बाबतीत मासिक रजःस्राव. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली व ३१.१ टक्के मुलगे रक्ताल्पतेने ग्रस्त होते. म्हणजेच अनेक मुले मैदानावर उतरतात तीच रिकाम्या कोठारानिशी.

आपल्या शास्त्रास हा भेद अपरिचित नाही. सुश्रुताने बलाच्या अर्ध्याने व्यायाम करावा असे सांगितले आहे; कपाळ, नाक व सांधे यांवरील घाम आणि मुखशोष ही त्याची मर्यादा मानली जाते. चरकाने अतिव्यायामाच्या दोषांत श्रम, क्लम, क्षय, तृष्णा, रक्तपित्त व ज्वर गणिले आहेत. पोषणाशिवाय वाढविलेला व्यायाम रसधातू क्षीण करतो. रस क्षीण झाल्यावर रक्त कोठून पुष्ट व्हावे? व्यायाम वाढवावयाचा तर प्रथम अग्नी व आहार पाहावा, हाच याचा अर्थ.

आता व्यवहाराकडे वळू. पूरक सराव सुरू होण्यापूर्वीच हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. बारा ते चौदा वर्षे वयासाठी व पंधरा वर्षांवरील मुलींसाठी १२, तर पंधरा वर्षांवरील मुलांसाठी १३ ग्रॅम प्रति डेसिलिटर ही किमान मर्यादा मानली जाते. आकडा कमी आल्यास फेरिटिन पाहावे. ते १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरहून कमी असल्यास लोहाचा साठा संपला असे समजावे. मात्र ज्वरात किंवा तीव्र व्यायामानंतर फेरिटिन वाढलेले दिसते, म्हणून एक-दोन दिवस विश्रांती देऊन नमुना घ्यावा.

यवतमाळ जिल्हा सिकलसेलच्या पट्ट्यात येतो, याचे विस्मरण घातक ठरू शकते. या रुग्णांचे पांडुत्व प्रायः लोहाभावाने आलेले नसते. त्यांना विचार न करता लोहकल्प देणे हितावह नाही. केवळ वाहक असलेल्या मुलासही तीव्र उन्हात, पाण्याविना, अचानक जोराचा व्यायाम करविल्यास जीवघेणा प्रसंग ओढवू शकतो. १ जुलै २०२३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची सिकलसेल तपासणी योजिलेली आहे. तिचा लाभ घ्यावा. वाहकाने खेळू नये असे नाही. सराव हळूहळू वाढवावा, पाणी व विसावा द्यावा आणि अंग दुखू लागताच थांबावे.

लोहाभाव निश्चित झाल्यावर कोष्ठ व अग्नी पाहून नवायस लोह, पुनर्नवा मंडूर किंवा धात्री लोह यांची योजना करावी व चार आठवड्यांनी आकडा पुन्हा पाहावा. औषध सरावापूर्वी सकाळी दिलेले बरे. चहासोबत देऊ नये. आहारात ज्वारी, तूर, तीळ, हिरव्या भाज्या व सोबत लिंबू किंवा आवळा असावा. आकडा सुधारेपर्यंत वेगाची आवर्तने थांबवून चेंडूवरील हलका सराव चालू ठेवावा.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंस आमची दोन विनंत्या आहेत. शाळेतून मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळ्या मूल घेते काय, हे विचारल्याशिवाय रक्तवर्धक कल्प देऊ नये. तसेच घटकद्रव्ये न छापलेली ‘ताकदीची’ चूर्णे खेळाडूंना विकू नयेत. त्यांत निषिद्ध द्रव्य निघाले तर भोग त्या मुलाच्या वाट्याला येतात.

दमलेल्या प्रत्येक मुलाचे रक्त कमी नसते आणि रक्त कमी असलेले प्रत्येक मूल दमल्याचे सांगतही नाही. बाटली हाती देण्यापूर्वी एक तपासणी करून घेणे आणि क्रीडाशिक्षकांशी चार शब्द बोलणे, एवढे जरी आपण सर्वांनी केले तरी या मुलांचे मैदान सुटणार नाही, असे आम्हांस वाटते.