लवचीक तिकीट: युरोपातल्या रेल्वेत जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर बरेच जण थांबले होते, आणि जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न एकच होता. मुलगा किंवा मुलगी जर्मनीत आहे, आम्ही जाणार आहोत, तिकडे रेल्वेचं तिकीट स्वस्तातलं घ्यावं की महागातलं? म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

आपल्याकडची दोन तिकिटं डोळ्यांसमोर आणा. एक लोकलचं. डोंबिवलीहून सीएसएमटीचं तिकीट काढलं, समोरची गाडी सुटली, तर आपण मागची पकडतो. तिकिटावर गाडीचा नंबरच नसतो. दुसरं डेक्कन क्वीनचं आरक्षण. ती गाडी चुकली, तर तेच तिकीट दाखवून पुढच्या गाडीत आरक्षित जागेवर बसता येत नाही. युरोपात गंमत अशी, की या दोन्ही प्रकारची तिकिटं एकाच गाडीत, शेजारशेजारच्या प्रवाशांकडे असतात. गाडी तीच, खुर्ची तशीच. किमतीत मात्र दुपटी-तिपटीचा फरक सहज पडतो.

जर्मनीचं उदाहरण घेऊ, कारण तिथे हा प्रकार सर्वात स्वच्छ दिसतो. फ्रँकफुर्टहून म्युनिकला जाणारी आयसीई, म्हणजे त्यांची वेगवान गाडी. तिचं स्वस्त तिकीट 'श्पारप्राइस', त्याहून स्वस्त 'सुपर श्पारप्राइस', आणि महागडं 'फ्लेक्सप्राइस'. फ्लेक्सप्राइसवर त्या दिवशी त्या मार्गावरची कुठलीही गाडी चालते. श्पारप्राइस मात्र ठरलेल्या गाडीशी बांधलेलं. यात एक बारकावा आहे. बांधलेली असते ती लांब पल्ल्याची गाडी. त्याच तिकिटावर पुढे किंवा मागे छोटी प्रादेशिक गाडी असेल, तर ती आधीची-नंतरची चालते.

आता मुंबईचं विमान सकाळी फ्रँकफुर्टला उतरतं. मुलाने दोन महिने आधी हौसेने स्वस्त तिकीट काढून ठेवलंय. विमान उशिरा आलं, इमिग्रेशनची रांग लांब, बॅग आली शेवटी. विमानतळाच्या खालीच स्टेशन आहे, पण आईबाबा फलाटावर पोचले तेव्हा गाडी सुटून दहा मिनिटं झाली होती. तिकीट वाया गेलं. विमानाचा उशीर हा रेल्वेचा दोष नाही, त्यामुळे रेल्वे काहीही लागत नाही. तेच तिकीट घेऊन पुढच्या गाडीत बसलात, तर तुम्ही विनातिकीट. नवं तिकीट घ्यायचं ते त्या दिवसाच्या भावाने, आणि ऐनवेळचा भाव चढाच असतो. म्हणून पोचण्याच्या दिवशी मी फ्लेक्सच घ्या म्हणेन. काही विमान कंपन्या आपल्या तिकिटाला रेल्वेचं तिकीट जोडून देतात, तेही विचारून बघा.

पण याच कथेची दुसरी बाजू बहुतेकांना माहीत नसते, आणि तिथे पैसे उगाच जातात. लोक म्हणतात, "जर्मन गाड्या हल्ली फार उशिरा धावतात, मध्ये गाडी बदलायची आहे, पुढची चुकली तर? म्हणून फ्लेक्स घेतलं." अहो, त्यासाठी नको! मुक्कामाच्या स्टेशनावर वीस मिनिटं किंवा त्याहून जास्त उशीर होणार असं दिसलं, तर स्वस्त तिकिटाची बांधणी आपोआप सुटते आणि तुम्ही दुसरी गाडी घेऊ शकता. उशीर रेल्वेचा असेल तर जबाबदारी रेल्वेची. फ्लेक्सचे जास्तीचे पैसे आपण भरतो ते आपल्या बाजूच्या अनिश्चिततेसाठी. विमान, तब्येत, नातवंडाची शाळा, किंवा नुसतंच "बघू, जेवून निघू".

याच्या वर युरोपीय संघाचा नियम आहे, २०२१/७८२ क्रमांकाचा, ७ जून २०२३ पासून लागू. साठ मिनिटं ते दोन तास उशिराला भाड्याचे २५ टक्के परत, दोन तास किंवा जास्त असेल तर ५० टक्के. भयंकर हवामानासारखी काही कारणं यातून वगळली आहेत. आणि एक सांभाळा: सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या. चार पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं जोडली, तर पहिल्या गाडीच्या उशिराचं ओझं दुसरी कंपनी सहसा उचलत नाही.

(समोरून प्रश्न: फ्लेक्स घेतलं म्हणजे जागा पक्की ना?)

नाही, ताई. चांगलं विचारलंत. जर्मनीत तिकीट वेगळं आणि जागेचं आरक्षण वेगळं. शुक्रवारी संध्याकाळी फ्लेक्स तिकीट हातात धरून उभं राहावं लागू शकतं. खुर्चीच्या वर छोट्या पाटीवर कुठून कुठपर्यंत आरक्षण आहे ते दिसतं. गाडी सुटून पंधरा मिनिटांत कुणी आलं नाही, तर ती जागा मोकळी समजतात. गुडघे दुखत असतील तर थोडे पैसे देऊन जागा राखून ठेवा.

फ्रान्समध्ये हे सगळं उलटं. टीजीव्हीला आरक्षण सक्तीचं, त्यामुळे तिथे 'लवचीक' म्हणजे कुठल्याही गाडीत चढा असं नाही. आधी बदलून घ्या, मग चढा. इटलीतल्या वेगवान गाड्यांचंही साधारण तसंच. तिथल्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं, विसरलात तर दंड. ब्रिटनमध्ये 'ॲडव्हान्स' बांधलेलं, 'ऑफ-पीक' गर्दीच्या वेळा सोडून मोकळं, 'एनीटाइम' पूर्ण मोकळं. स्वित्झर्लंडमध्ये साधं तिकीटच लवचीक असतं. १९८२ पासून तिथे गाड्या ठरावीक अंतराने, घड्याळाच्या काट्यावर धावतात, त्यामुळे "ही नाही तर पुढची" हेच तिथलं रोजचं वागणं.

(प्रश्न: मग पासच घेतला तर?)

आपल्याला, म्हणजे भारतात राहणाऱ्यांना, युरेल पास. तिकडे राहणाऱ्या मुलाला इंटररेल. नावं वेगळी, कारण निकष राहण्याच्या जागेचा आहे. इंटररेलवर राहत्या देशात एकदा बाहेर पडताना आणि एकदा परतताना एवढाच प्रवास चालतो, तेव्हा मुलाला जर्मनीतल्या जर्मनीत तुमच्यासोबत पासवर फिरता येणार नाही. आयसीईत पास दाखवला की झालं, पण टीजीव्हीला आणि युरोस्टारला आरक्षणाचे पैसे वेगळे, आणि पासधारकांसाठी जागा मोजक्याच. पॅरिस-लंडन पासवर करायचं असेल तर ती जागा सर्वात आधी बघा आणि बाकीच्या तारखा नंतर ठरवा.

परतीच्या दिवशी मी स्वतः स्वस्त तिकीटच घेतो, फक्त विमानाच्या चांगली चार-पाच तास आधी पोचवणाऱ्या गाडीचं. त्या दिवशी घरून वेळेवर निघणं आपल्या हातात असतं.