मनगटावर काय: स्पोर्ट्स की ड्रेस?

नाशिककराची पहाट हरिहर गडाच्या उभ्या कातळपायऱ्यांवर आणि संध्याकाळ लग्नाच्या रिसेप्शनला जाऊ शकते. एकच घड्याळ घ्यायचं तर पेच इथेच पडतो.

पायऱ्यांच्या खोबणीत बोटं रुतवताना घड्याळ हमखास दगडाला घासतं. तिथे स्टीलचा पट्टा, सफायर काच आणि आटे फिरवून घट्ट बसणारी चावी असलेलं स्पोर्ट्स घड्याळच टिकतं. 1972 साली घड्याळ-रचनाकार जेराल्ड जेंटा यांच्या ‘रॉयल ओक’ने स्टीलला सोन्याच्या पंगतीत बसवलं, तेव्हापासून असं घड्याळ सुटावरही शोभतं. ‘रॉयल ओक’ची किंमत मात्र कित्येक लाखांत!

ड्रेस घड्याळाचं सौंदर्य त्याच्या बारीकपणात. ‘टायटन एज’ जेमतेम 3.5 मिलिमीटर जाडीचं, बाहीखाली अलगद सरकतं. रोज चावी द्यावी लागणारं एचएमटी ‘जनता’ही साधेपणात याच घराण्यातलं. पण ड्रेस घड्याळाच्या मागे ‘30 मीटर’ लिहिलंय म्हणून ते घालून रामकुंडात बुडी मारू नये. तो आकडा शिंतोड्यांपुरताच असतो, आणि चामड्याचा पट्टा तर घामानेही खराब होतो.

गंमत म्हणजे, आज ड्रेस घड्याळ मानलं जाणारं ‘रिव्हर्सो’ 1931 साली भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांसाठी घडलं. खेळताना काच फुटू नये म्हणून डायल उलटी फिरवायची सोय! तरीही पहिलंच घड्याळ घेणाऱ्याने 100 मीटरचं स्पोर्ट्स घ्यावं. ड्रेस घड्याळ दुसरं.